दुसरीच्या पेल्यातलं जामू

४ ऑगस्ट, मंगळवार, पाहिंग

आज ह्यांच्या तोंडाला दुसऱ्या बाईच्या जामूचा वास आला.

अंगाला आला असता तर निदान भांडता आलं असतं. मी जामू विकणारी, मुळ्यांच्या औषधी रसाची बाई. पहाटे पाट्यावर हळद, केंचुराची मुळी, पिंपळी वाटते, पिळते, गाळते, बाटल्या भरून सायकलला बांधते आणि आठ वाजेपर्यंत चार गल्ल्या फिरून येते. बाळंतिणी, शिंपी, शाळेतल्या बाई, सगळ्यांना माझ्याच हातचं लागतं. तेवीस वर्षांच्या संसारात बाग्योंनी दुसऱ्या कुणाचं जामू तोंडाला लावलं नाही. आमच्याकडे जामूवालीचा नवरा दुसरीकडे पेला उचलत नाही. उचलला तर त्याचं घरी काही उरलं नाही, असं बायका म्हणतात, आणि काय उरलं नाही ते सगळ्यांना कळतं.

आलं, लवंग, मध आणि कच्च्या अंड्याचा बलक. हे चार वास एकत्र येतात तो पेला फक्त पुरुष घेतात.

"अहो, बस टर्मिनलवर काय घेतलंत?"

"सोतोचं सूप. दुसरं काय मिळतं तिथं?"

"सोत्यात मध घालायला लागले का आता?"

"तुझं नाक पोलिसांत द्यायला हवं होतं," म्हणाले, आणि हसत अंगणात गेले, पेर्कुतुतचा पिंजरा खाली घ्यायला. त्या पक्ष्याचा पिंजरा उंच खांबावर असतो, दोरीनं वर-खाली करायचा. त्याच्याशी ते अर्धा तास बोलले. माझ्याशी दोन वाक्यं.

आमची मुलगी तिवी सेमारांगला शिकायला गेली तेव्हा तिची अर्धी कोरी वही मागे राहिली. तिच्यातच लिहिते आहे. बोलणार कुणाशी?


६ ऑगस्ट, गुरुवार, वागे

शेजारची वीजीबाई, आमची बू वीजी, सोयाबीनचा टेम्पे द्यायला आली. आली की बसते, बसली की उकरते.

"मिराह, तुझं जामू हल्ली कडू झालंय का गं?"

"का?"

"नाही, तुझे मालक यायुकच्या बाकावर दिसले म्हणून. दोनदा."

"त्यांच्या तिकिटाच्या खिडकीला लागूनच तिची जामूची टपरी आहे. सावली असते तिथं."

"सावली तर आहेच," बू वीजी म्हणाली. "चांगली भरघोस आहे."

टेम्पे इतक्या जोरात तेलात टाकला की तेल मनगटावर उडालं. यायुकचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला. ती बसवाल्यांशी, हमालांशी, सगळ्यांशी हसते. ओठांना लाली लावते आणि ती दुपारपर्यंत टिकते. माझी कधी टिकली नाही.


१० ऑगस्ट, सोमवार, पोन

आज पोन, दर पाचव्या दिवशीचा बाजार, म्हणून निघाले आणि मुळ्या न घेताच टर्मिनलवर गेले. बाग्योंची आज दुपारपाळी होती, ते यायला वेळ होता. हे मी आधीच बघून ठेवलं होतं, हे इथं लिहायला हरकत नाही.

"अगंबाई, मिराहताई! तुम्ही माझ्याकडे? काय देऊ, पाठीचं?"

"पुरुष घेतात ते."

तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाग्योंच्या बंद खिडकीकडे. "स्वतःसाठी?"

"चव बघायला. धंद्यातली आहे मी."

"मग फुकट," ती म्हणाली, आणि एक पुडी फाडली. पुडीवर तुरा उभारलेला कोंबडा. पूड, मध, बलक, गरम पाणी. हात भारी चपळ आहेत तिचे. निळा ब्लाउज होता, बाह्या घट्ट. वाटणं नाही, पिळणं नाही, नखात हळद नाही. मला माझी नखं पदराआड घ्यावीशी वाटली.

एक घोट घेतला. आलं ठीक. लवंग शिळी. पण सगळ्याच्या तळाशी एक कडवटपणा होता, किराइताचा नव्हे, कुठल्याच मुळीचा नव्हे. खडू चाटल्यासारखा.

"किती दिवसांत गुण येतो?"

"दिवसांत?" यायुक खदखदून हसली. "अर्ध्या तासात, ताई! माझा पेला धुऊन होत नाही तोवर."

आईनं शिकवलेलं पुरुषांचं जामू चाळीस दिवस घ्यावं लागतं. जमिनीखालचं काहीही अर्ध्या तासात धावत नाही. सायकलवर सगळ्या वाटेनं हाच विचार करत आले, आणि घराशी पोचेपर्यंत मला कळलं. गुण त्या पुडीत नाहीच. तो पेला पुढे करणाऱ्या हातात आहे.


१४ ऑगस्ट, शुक्रवार, पाहिंग

हे कुणी वाचलं तर मी मरेन, तरी लिहिते. दीड वर्ष आमच्यात काही नव्हतं. मी म्हटलं, वय झालं, ब्लडप्रेशरची गोळी चालू आहे, दिवसभर खिडकीत बसून माणूस थकतो. गेल्या दोन महिन्यांत ते पुन्हा जवळ येऊ लागले आहेत. चेहरा लाल, कान तापलेले. मला आनंद व्हायला हवा होता, आणि आधी झालाही.

पण त्या मंगळवारपासून बघते आहे, ते त्याच दिवशी येतात ज्या दिवशी लवंगेचा वास असतो. भूक तिथं लागते आणि जेवायला इथं.

आज सकाळी उठून कपाळ दाबत बसले होते. "डोकं ठणकतंय. आणि ही भिंत निळसर का दिसते गं? चुना बदललास?"

भिंत पांढरीच आहे. पंधरा वर्षं पांढरी आहे. निळं काय आहे ते मला माहीत आहे, त्याच्या बाह्या घट्ट आहेत.


१७ ऑगस्ट, सोमवार, क्लिवोन

सतरा ऑगस्ट, आमचा स्वातंत्र्यदिन, त्याचे खेळ. नवऱ्यांनी बायकांचे सारोंग नेसून फुटबॉल खेळायचा. बाग्यो पाच मिनिटं धावले आणि कडेला बसले, हात छातीवर. बू वीजी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "अहो पाक बाग्यो, यायुकच्या पेल्याचा जोर संपला वाटतं!"

सगळे हसले. बाग्योही हसल्यासारखं करत होते. मी कलिंगडाच्या फोडी करत होते, त्या करत राहिले. दोन जास्तीची कलिंगडं कापली गेली.


२१ ऑगस्ट, शुक्रवार, वागे

ठरवलं. आणि केलंही.

तालुक्याच्या रस्त्यावर ते मर्दानी औषधांचे, पडदा लावलेले ठेले असतात ना, तिथं गेले. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून दोन गावं पुढे. आत एक म्हातारा बसला होता, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. चार गोळ्यांची पट्टी काढली. निळ्या.

"कुणासाठी, बाई?"

खोटं सुचेना. "जामूत घालायला."

तो हसला. "पुडीवाले सगळे तेच करतात. खरं सांगणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

माझी टवाळी करत होता. मी पैसे मोजून दिले. ह्यांना ब्लडप्रेशर आहे की काय आहे, हे त्यानं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

माझ्या पाट्यावर आजवर जमिनीतून न आलेलं काही पडलेलं नाही. आई असती तर तिनं माझ्या हातातून वरवंटा काढून घेतला असता. पण आईवर कधी ही वेळ आली नव्हती. तिचा नवरा तिच्याच बाटलीतलं पीत मेला. मला एवढंच करायचंय की एकदा, फक्त एकदा, ह्यांना घरच्या पेल्यात तेवढीच धग मिळावी. मग बसू दे तिला तिच्या रिकाम्या बाकावर लाली लावून.

रविवारी देईन. रविवारी ते दोन वाजता मोकळे होतात.


२४ ऑगस्ट, सोमवार, पाहिंग. जिल्ह्याच्या इस्पितळात.

ते झोपले आहेत. हातात सलाईन आहे. श्वास मी बघते आहे.

काल अडीच वाजता आले ते पेताईच्या शेंगा खाऊन. त्या वासापुढे कुणाचंच नाक चालत नाही. माझं चाललं नाही, आणि आता कळतं की त्यासाठीच खाल्ल्या होत्या. मला वाटलं, आज यायुक नाही. आज रान मोकळं आहे.

तीन वाजता पेला दिला. एक गोळी बारीक वाटून, पिंपळी जास्त घालून.

"आज कडू आहे गं."

"पिंपळी जास्त झाली. प्या."

एका दमात प्यायले. तोंड पुसून म्हणाले, "तुझ्या हातचं बऱ्याच दिवसांनी." तेव्हा मला इतकं बरं वाटलं.

थोड्या वेळानं पक्ष्याला खाली घ्यायला अंगणात गेले. मान वर करून दोरी सोडत होते. दोरी एकदम सरसर सुटली, पिंजरा दाणकन खाली आला, आणि त्याच्यामागून ते. चेहरा पिठासारखा पांढरा. घामानं सदरा भिजलेला. "छातीवर कुणीतरी बसलंय," म्हणाले. बू वीजीच्या नवऱ्याच्या टेम्पोत घालून सरकारी दवाखान्यात नेलं.

डॉक्टर लिन्तांग अगदी तरुण मुलगी आहे, हनुवटीवर मुरुम. नर्स दंडाला पट्टा बांधत होती तोवर तिनं खणातून गोळ्यांची पट्टी काढून हातात धरली. "छातीत दुखतंय म्हणजे ही जिभेखाली ठेवायची. त्याआधी एक खरं सांगायचं, पाक. पुरुषांची ताकदीची गोळी घेता? आज, काल, परवा?"

"नाही."

"दुसरं कुठलं औषध?"

"ब्लडप्रेशरची. तुमच्याकडचीच."

"जामू?"

"ते काय औषध आहे होय?" ह्यांनी डोळे मिटले.

मग मी बोलले. जसं झालं तसं लिहिते. मी म्हणाले, "टर्मिनलवरच्या यायुकच्या टपरीत पुडीचं जामू घेतात. कोंबड्याचं. गुरुवारी घेतलं होतं." नाव मी सावकाश घेतलं. तेवढ्या घाईतही ते नाव त्या खोलीत घेताना मला गोड लागलं.

"गुरुवारी. म्हणजे तीन दिवस झाले," डॉक्टर म्हणाली, आणि गोळी पट्टीतून बाहेर काढली.

मला औषधातलं काही कळत नाही. पण ती पोरगी दिवस मोजते आहे, आणि मी सांगितलेल्या दिवसावर विसंबून पुढे येते आहे, एवढं कळलं. गोळी तिच्या दोन बोटांत होती. बू वीजी दारात उभी होती, तिचा नवरा होता, नर्स होती. उद्या सगळ्या गल्लीला कळणार, की मिराहच्या बाटलीत काय असतं.

"आज," मी म्हणाले. "आज तीन वाजता. मी दिलं. माझ्या जामूत गोळी वाटून घातली होती."

बाग्योंनी डोळे उघडले. डॉक्टरनं हातातली गोळी टाकून दिली. त्याच क्षणी नर्सनं ब्लडप्रेशरचा आकडा सांगितला आणि डॉक्टरचा आवाजच बदलला. "पाय वर घ्या. सलाईन लावा. कुठली गोळी, इबू? किती?" उरलेल्या तीन माझ्या कमरेच्या पिशवीतच होत्या. घरी ठेवायची हिंमत झाली नव्हती.

आणि मग यायुक आली. धावत. एप्रनवर बलकाचे डाग, लाली अर्धी पुसलेली. बू वीजीनं टर्मिनलवर फोन केला होता. तिनं कुणाकडे न बघता पुडी डॉक्टरच्या हातात दिली. "आज दोन वाजता माझ्याकडूनही घेतलंय त्यांनी. कुणी सांगितलं नसेल म्हणून आले."

डॉक्टरनं पुडी उजेडात धरली. "ही बंदी घातलेल्या यादीत आहे. यात मुळ्या नावाला. तीच गोळी दळून घालतात, किंवा तिची बहीण-गोळी, जी दोन दोन दिवस अंगात राहते. किती घालतात ते बनवणाऱ्यालाही माहीत नसतं." मग माझ्याकडे वळून, हळू, "म्हणजे आज तेच औषध दोनदा गेलं, वर ब्लडप्रेशरची गोळी. आणि त्यावर मी ही जिभेखाली दिली असती ना, इबू, तर ब्लडप्रेशर इतकं खाली गेलं असतं की मला वर आणता आलं नसतं."

यायुक भिंतीला टेकून खालीच बसली. "मला वाटायचं अंड्याचा गुण आहे," म्हणाली. "आईशप्पथ, ताई, मला अंड्याचाच वाटायचा."

अँब्युलन्स येईपर्यंत आम्ही दोघी एकाच बाकावर होतो. मला तिचा रागही धड येईना. पण तेव्हासुद्धा एक गोष्ट सलत होती. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनं सांगितलं. मला विचारलं होतं, आणि मी आधी गुरुवार सांगितला.


२७ ऑगस्ट, गुरुवार, क्लिवोन

घरी आणलं. हृदय शाबूत आहे, असं इस्पितळातले डॉक्टर म्हणाले. साखर वाढलेली निघाली, बरीच, आणि ती बऱ्याच काळाची असावी.

तीन दिवस आम्ही एकमेकांशी फक्त पाणी, उशी, पंखा एवढंच बोललो. आज पेज देताना मीच विचारलं.

"माझ्याकडे का नाही मागितलंत? मी करून दिलं असतं. आईचं चाळीस दिवसांचं."

त्यांनी पेज ढवळली. "आणि चाळीस दिवसांनी नसतं जमलं तर?"

"तर काय?"

"तर तुझं जामू खोटं ठरलं असतं. मी नाही चाललो तर नाही चाललो. पण तुझं नाही चाललं, हे तुला कळलेलं मला नको होतं. यायुकचं नाही चाललं तर तिचं नाव जाईल. माझं काय जातंय?"

वाटी तशीच ठेवून मी मागच्या दारी गेले. हळदीचं टोपलं उन्हात सरकवलं, परत सावलीत आणलं.

मग आत येऊन, काय करणार, तेही विचारलंच. "ती हसायची तुमच्याशी?"

"ती खांबाशीसुद्धा हसते."

"आणि तुम्ही?"

"मी घड्याळ बघत बसायचो," म्हणाले. "अर्धा तास होता ना हातात. घरी पोचायला वीस मिनिटं लागतात."

संध्याकाळी यायुकनं साधा भात आणि उकडलेल्या भाज्या पाठवल्या. चांगल्या होत्या. मीठ थोडं कमी होतं.


३ सप्टेंबर, गुरुवार, पाहिंग

दवाखान्यात गेलो. गल्लीत दोन घरांनी माझं जामू बंद केलंय, शिंप्यानं चालू ठेवलंय. त्याबद्दल पुन्हा कधी.

डॉक्टर लिन्तांग मला म्हणाली, "इबू, तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल. पुरुष मोकळे बोलतात." मी उठले. बाग्यो म्हणाले, "बसू दे तिला."

तिनं सगळं नीट सांगितलं. आधी साखर आवरायची, ब्लडप्रेशरची गोळी बदलायची. मग, तपासून, लागलं तर एकच औषध, इथूनच, मापानं. त्याच्या जोडीला दुसरं काही नाही, पुडी नाही, ठेला नाही, आणि माझ्याकडे बघून, घरचंही नाही. आणि छातीत कधीही दुखलं तर पहिलं वाक्य हेच सांगायचं, की काय घेतलंय आणि कधी. लाज नंतर.

"हे कधीपासून आहे, पाक?"

"दीड वर्ष."

"काही आठवतं? कशानं सुरू झालं?"

मला वाटलं, आठवत नाही म्हणतील. ते टेबलावरच्या वजनकाट्याकडे बघत बोलले. "मुलगी सेमारांगला गेली त्या आठवड्यात. घरात पहिल्यांदाच आम्ही दोघं. जमलं नाही. आणि ही हसली."

"हसली?"

"वाईट नाही हसली. पण हसली. त्यानंतर मी रोज दमून यायला लागलो."

डॉक्टरनं काहीतरी लिहून घेतलं.

मोटारसायकलवर त्यांच्या मागे बसून सगळ्या वाटेनं मी ते हसू शोधलं. सापडलं नाही. त्यांनी कुठल्या वर्षी, कुठल्या लग्नात, कुणावर छत्री धरली होती ते मी सांगू शकते. कुठल्या बाईला त्यांनी खिडकीतून सुटे पैसे देताना "जपून जा" म्हटलं तेही. हे हसू मला आठवत नाही. रडू यायला हवं होतं, आणि आला तो रागच. ही एवढी गोष्ट माझी होती. दीड वर्ष त्यांनी ती जपली, आणि दिली कुणाला, तर हनुवटीवर मुरुम असलेल्या एका पोरीला, दुसऱ्या भेटीत.

अंगणात गाडी लावली तेव्हा मी म्हटलं, "डॉक्टरला सांगितलंत ते मला सांगा."

"ऐकलंस की तिथं."

"तिला सांगत होता तुम्ही. मला सांगा."

त्यांनी हेल्मेट काढून पायरीवर ठेवलं. "कुठून?"

"तिवीच्या बसला हात केला तिथून."

ते पायरीवर बसले. मी एक पायरी खाली बसले. सावकाश सांगत होते, अडखळत, कधी माझ्याकडे बघून, कधी नाही. बस, रिकामं घर, मी केलेलं जास्तीचं जेवण, तिवीच्या खोलीचं दार आम्ही दोघांनीही उगाच लोटून घेतलेलं. मधे दोनदा मला बोलायचं होतं; हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत बसले.

मग ते म्हणाले, अंधारात पलंगाकडे येताना त्यांचा गुडघा तिवीच्या राहून गेलेल्या ट्रंकेवर आपटला, आणि त्यांनी ट्रंकेची माफी मागितली. "सॉरी सॉरी, म्हटलं मी. ट्रंकेला."

आणि ते थांबले. माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"हसू का?" मी विचारलं.

त्यांनी थोडा विचार केला.

"हस," म्हणाले.